लेकुरवाळी क्रमांक एकतीस

“मॅडम, चिलापी माशाच्या मादीच्या तोंडात जी पिल्लं असतात, त्यांचा बाप नक्की कोण, हे तिला तरी माहीत असतं का?”

दहावी ‘ब’चा वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग असा फुटला की खिडकीतली कबुतरं उडाली. प्रश्न विचारला ईश्वरी नगरेनं, पण तो तिच्या डोक्यातला नव्हता. शेजारच्या तमन्नानं आणि मागच्या बाकावरच्या प्रगतीनं पैज लावली होती. पाहुण्या मॅडमना हा प्रश्न सगळ्यांसमोर आणि न हसता विचारायचा, मग दोन प्लेट भेळ. गेल्या वर्षीची ईश्वरी असती तर भेळेवर पाणी सोडून बाकाखाली लपली असती. यंदाची वेगळी होती. विज्ञान प्रदर्शनात तिचा जिल्ह्यात पहिला नंबर आला होता, केस तिनं स्वतःच्या हातानं खांद्यापर्यंत कापले होते, आणि आपल्याला आवाज आहे हा शोध तिला नुकताच लागला होता. शोध नवा असला की माणूस तो सारखा वापरून बघतं.

वर्गशिक्षक जगदाळे सर लालबुंद झाले. पण पाहुण्या डॉक्टर टिपणीस मॅडम हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिला माहीत नसतं. बापालाही नसतं. माझी अख्खी प्रयोगशाळा या एका प्रश्नावर उभी आहे. नाव काय तुझं?”

“ईश्वरी, मॅडम. राजेवस्तीची.”

“म्हणजे भोयांची मुलगी, मासेमारांच्या घरची. मग मला खळगा कसा असतो ते तूच सांग.”

ईश्वरीनं सांगितलं. उजनी धरणाच्या काठाला वाढलेल्या पोराला ते शिकवावं लागत नाही. दांडगा नर उथळ पाण्यात तळाला परातीएवढा खळगा करतो, अंगावर काळा रंग चढवतो आणि दुसरा नर फिरकला की त्याला धडका देऊन हाकलतो. मादी येते, खळग्यात अंडी घालते, नर त्यांवर आपलं बीज सोडतो. मादी अंडी लगोलग तोंडात घेते आणि पुढचे बारा-तेरा दिवस उपाशी राहून तोंडातच पिल्लं वाढवते.

“आता पुढचं मी सांगते,” मॅडम म्हणाल्या. “खळगा सगळ्यांच्या नशिबी नसतो. मग किरकोळ नर काय करतात? फिकट राहतात. हुबेहूब मादीसारखे दिसतात. खळग्याच्या मालकाला वाटतं, चला, आणखी एक आली—”

“अन् पावणा थेट घरात!” मागून कुणीतरी ओरडलं.

“थेट! ऐन वेळेला घुसायचं, बीज सोडायचं, पळायचं. आता पाण्यात ते बीज जगतं जेमतेम मिनिटभर. त्या मिनिटात दोघांच्या बीजांची शर्यत लागते. मालकाची निम्मी ताकद मारामारीत गेलेली. चोरट्यानं मारामारी केलेलीच नाही. त्यानं सगळं बळ बीजात घातलेलं असतं. दुप्पट बीज, आणि पळायला चपळ. म्हणून मादीच्या तोंडातली सगळी लेकरं खळगेवाल्याचीच असतील याची खात्री नाही.”

भेळ तमन्नानं दिली, पण ईश्वरीला ती कशी लागली ते कळलंच नाही. तिला एकच ऐकू येत होतं. तास सुटताना मॅडम म्हणाल्या होत्या, “शनिवारी तळ्यांवर ये. मला प्रश्न विचारणारी माणसं लागतात.”

*

तळी राजेवस्तीपासून दोन किलोमीटरवर होती. धरणाच्या पाण्यापासून पन्नास पावलांवर प्लॅस्टिक अंथरलेली चार शेततळी, वर जाळी, मध्ये बांध. चौथ्या तळ्याजवळ एक लाल पाटी होती आणि त्या तळ्यात मॅडमचा चोरटा राहत होता.

तो साधा चोरटा नव्हता. मॅडमच्या गटानं त्याच्या बीजात एक कातर बसवली होती. माशाचं पिल्लू मुलगी होणार की मुलगा, हे बापाच्या बीजावर ठरतं. बापाची निम्मी बीजं मुलीची, निम्मी मुलाची. ही कातर मुलीची बीजं तयार होतानाच तोडून टाकायची. उरायची फक्त मुलाची. त्या मुलांच्या पोटीही तीच कातर, आणि त्यांच्या मुलांच्याही. पिढ्यामागून पिढ्या नुसते मुलगे. मग एक दिवस अंडी घालायला कुणीच नाही.

“पण निम्मी बीजं तुटल्यावर तो शर्यत हरणार ना?” ईश्वरीनं पहिल्याच शनिवारी विचारलं.

मॅडमनी हातातला ग्लोव्ह काढून तिच्या पाठीवर थाप मारली. “आम्हाला हे कळायला तीन वर्षं गेली! दांडग्या नरात कातर बसवली होती. तो खळगा जिंकायचा आणि शर्यत हरायचा. मग लक्षात आलं, की चोरट्याकडं मुळात दुप्पट बीज असतं. निम्मं गेलं तरी तो मालकाच्या बरोबरीला.”

हे सगळं कशासाठी, ते ईश्वरीला वेगळं सांगावं लागलं नाही. बाहेरून आलेल्या चिलापीनं उजनी गिळली होती. शिंगटा, घोगऱ्या, आहेर, हे इथले जुने मासे, आता आण्णांच्या बोलण्यातली नावं होती, जाळ्यातली नव्हती. आणि वाम.

आण्णा, म्हणजे ईश्वरीचे वडील, दर गुरुवारी उजाडायच्या आत होडी काढायचे आणि लांब दोरीला चाळीस गळ बांधून, गांडुळं लावून ती वामेसाठी पाण्यात सोडायचे. अकरा वर्षं त्या दोरीला वाम लागली नव्हती. तरी गुरुवार चुकला नव्हता.

“कशाला टाकता ओ आण्णा?” ती लहानपणी विचारायची.

“पाण्याला इचारून बघायचं आस्तं,” ते म्हणायचे. “आपण इचारायचंच सोडलं, तर पाण्याला वाटंल हेंच्या ध्यानातनंच गेली.”

मग ते वाम सांगायचे. सापासारखी, पण साप न्हवं. पाठीवर सोनेरी चट्टेपट्टे. धरली की मनगटाला विळखा घालायची, आणि सोडली की हाताला रिकामं-रिकामं वाटायचं. ईश्वरीनं वाम कधी पाहिली नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीसाठी जीव एवढा तुटतो कसा, हा प्रश्न मात्र तिनं मॅडमना कधी विचारला नाही. पैज लावूनही विचारला नसता.

आणि मग तो शनिवार आला. तळ्यांवरच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं, मॅडम त्याला चाखणी म्हणायच्या. प्रत्येक मासा पाण्यात थोडा अंगावरचा चिकट थर, थोडी खपली सोडतोच. चाखणीत वाटीभर पाणी ओतलं, की ती त्यावरून सांगायची, या पाण्यात कोण कोण राहतं. ईश्वरीनं धरणात बुडालेल्या जुन्या नदीच्या डोहातलं पाणी ओतलं. पडद्यावर चिलापी, चिलापी, चिलापी, आणि तळाला एक बारीक ओळ आली. वाम. अत्यल्प.

ती दोन किलोमीटर पळत घरी गेली.

घर म्हणजे हायवेलगतचा ढाबा. ‘नगरे फिश’. आई चुलीवर, आण्णा जाळं शिवत. धापा टाकत तिनं सांगितलं. आण्णांच्या हातातली सुई थांबली.

“किती?”

“थोडी. पण आहे, आण्णा. चिलापी हटली तर वाढेल. मॅडम म्हणतात, सात-आठ वर्षांत.”

आण्णांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “पुढल्या म्हैन्यात मच्छीमार सोसायटीत मत हाय. चोरटा धरणात सोडायचा का न्हाय. मी न्हाय म्हननार.”

“आण्णा!”

“आगं, चाळीस घरं चिलापीवर जगत्यात. ती गेली आन् वाम याया सात वर्सं लागली, तर मधी काय खायाचं? मला वामंची वढ हाय म्हनून मी शेजाऱ्याच्या चुलीत पानी वतू?”

“मला इचारा की कुनीतरी!” आई तव्यावरनं ओरडली. “वाम आली तर वाम तळीन. सात वर्सं पिठलं इकीन. गिऱ्हाईक माज्या मसाल्याला येतंय, तुमच्या चिलापीला न्हाय!”

“तुजी आई,” आण्णा म्हणाले, “एका हातानं माशाला हळद लावून सोडती आन् दुसऱ्या हातानं हळद लावून तळती. तिला काय इचारायचं?”

हे टोमण्यानं असलं तरी खरं होतं. राजेवस्तीची रीतच होती. तोंडात लेकरं असलेली मादी जाळ्यात आली, की ती टोपलीत जायची नाही. तिला पाण्यातच धरायचं, कपाळाला हळदीचं बोट लावायचं, ‘जा बाई, लेकरं मोठी करून ये,’ म्हणायचं आणि सोडायचं. पणज्यांच्या काळी ही रीत पिल्लांचा थवा राखणाऱ्या मरळ माशासाठी होती, नंतर चिलापीलाही लागू झाली. लेकुरवाळी ती लेकुरवाळी, मग ती कुठल्याही जातीची असो. चाळीस होड्यांत चाळीस हळदीच्या डब्या होत्या.

*

चूक झाली ती पुढच्या शनिवारी, भर उन्हात.

मॅडम आत पाणी तपासत होत्या. ईश्वरी खाद्य टाकून बांधावरून परत येत होती. एक राखी बगळा पंख फडफडवत धरणाच्या काठाकडं उतरताना तिला दिसला. चोचीत मासा होता. तिनं हुर्र केलं, चप्पल फेकली. बगळ्यानं मासा टाकला आणि शिव्या दिल्यासारखा ओरडत गेला.

मासा चिखलात तडफडत होता. ईश्वरीनं उचलला. मादी होती. घाबरून तिनं थोडी पिल्लं टाकली होती, पण जबड्याखाली अजून फुगीर होतं. धरणाचं पाणी चार पावलांवर होतं. ईश्वरी गुडघाभर पाण्यात गेली, मादीला दोन्ही तळव्यांत धरून हलकेच मागं-पुढं केलं, कल्ल्यांत पाणी खेळू दिलं. हळद नव्हती, म्हणून अंगठा नुसताच टेकवला.

“जा बाई, लेकरं मोठी करून ये.”

मादी क्षणभर तिच्या हातातच थांबली. मग गेली.

संध्याकाळी मोजणी झाली. चौथ्या तळ्याच्या जाळीला वरच्या कोपऱ्यात वीतभर भोक होतं आणि मादी क्रमांक एकतीस कमी होती. सोमवारी चोरट्याच्या जोडीनं अंडी घातलेली. तोंडात पाच दिवसांची पिल्लं.

“बगळा,” मॅडम म्हणाल्या. जाळीच्या भोकात त्यांना राखाडी पीस सापडलं होतं. “दुपारी बगळा होता का गं?”

“होता,” ईश्वरी म्हणाली. ते खरं होतं.

मॅडमनी टॅबवर लिहिलं, ‘पक्ष्यानं खाल्ली.’ सुटकेचा श्वास टाकला. “खाल्ली तर खाल्ली. पाण्यात नाही ना पडली.”

तिथं तोंड उघडायला हवं होतं. ज्या पोरीनं अख्ख्या वर्गासमोर बाप कोण ते विचारलं होतं, तिच्या तोंडातून शब्द निघाला नाही. ती सायकलवर बसली आणि वाटेत तिला जे वाटलं, त्याचीच तिला भीती वाटली. तिला आनंद झाला होता.

आत्ता, या घडीला, कुठंतरी गवतात ती मादी पिल्लं तोंडात घेऊन बसली असेल. आठ दिवसांनी पिल्लं बाहेर पडतील. सगळे मुलगे, सगळे चोरटे. मत नाही, बैठक नाही, भांडण नाही. मग एखाद्या गुरुवारी आण्णांची दोरी जड लागेल. ईश्वरीला ती दोरी दिसत होती, ओली, ताणलेली. आण्णांचा चेहरा दिसत होता. ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल तेव्हा. शेजारीच बसलेली असेल.

आणि मग दुसरा विचार यायचा. बगळा चौथ्या तळ्याच्या बाजूनं आला, हे मला दिसलं नव्हतं का? हातानं रीत पाळली, ते ठीक. पण मनाला माहीत होतं का?

 

*

“गप बस,” तमन्ना म्हणाली. मंगळवारच्या मधल्या सुट्टीत, टाकीमागं. “बगळा काय साक्ष द्यायला येणारे?”

“पण तमे, खरंच पसरले तर?”

“तर काय? तुला वाम पाहिजे होती ना? येईल. फुकटात.” तमन्नानं डबा उघडला, एक घास घेतला आणि चावता चावता थांबली. “थांब. चिलापी संपायला किती वर्षं?”

“सात. आठ.”

“आणि वाम बाजारात जाण्याइतकी व्हायला?”

“माहीत नाही.”

“अब्बूचा टेम्पो काय वाहणार गं तोवर? बर्फ? नुसता बर्फ घेऊन जाणार मार्केटला?” आता ती हसत नव्हती. “माझं कॉलेज, दादाचं लग्न, सगळं त्याच टेम्पोत आहे, इशू. तू आम्हाला विचारलं पण नाहीस.”

“मी मुद्दाम नाही केलं!”

“मग आता मुद्दाम गप्प का बसलीयेस?”

तमन्ना डबा तसाच झाकून निघून गेली. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसत होत्या. त्या दुपारी ती प्रगतीशेजारी जाऊन बसली आणि तिच्याकडं बघितलंही नाही.

बुधवारी ईश्वरी शाळेतून थेट धक्क्यावर गेली. होड्या परतल्या होत्या. लेकुरवाळ्या माद्या कुठं राहतात, हे तिथं लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या खोल पाण्यात जात नाहीत, काठच्या गवतात, संथ पाण्यात दडून राहतात. म्हणजे एकतीस नंबर तिनं सोडली त्याच गवताळ खाडीत असणार. उद्या-परवा कुणाच्या तरी जाळ्यात येईलच, ईश्वरीला वाटलं. आपोआप मिटेल. मी बोलायचीसुद्धा गरज नाही.

तेवढ्यात शेजारच्या होडीतली सखुमामी जाळं झाडताना हसत आण्णांना म्हणाली, “आज दोन लेकुरवाळ्या घावल्या बगा त्या गवताच्या खाडीत. एक तर लई गरीब, हातातनं जाईचना. हळद लावली, दिल्या सोडून.”

ईश्वरी वळून खाडीकडं बघायला लागली.

सखुमामीच्या हातातली एकतीस नंबर होती की दुसरी कुठली, ते आता कुणालाच कळणार नव्हतं. पण एक गोष्ट कळली होती. कुणाच्याही जाळ्यात आली, तरी ती परत पाण्यातच जाणार. चाळीस होड्या, चाळीस डब्या, चाळीस वेळा तेच बोल. ज्यांच्या चुली तिच्या पोरांनी विझणार होत्या, तेच लोक तिला जपणार होते, कपाळाला हळद लावून. आणि त्यांना थांबवू शकणारी एकच मुलगी तोंड मिटून धक्क्यावर उभी होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, पोट भरलंय.

*

गुरुवारी दुपारी साडेतीनला ढाबा रिकामा असतो. दुपारची गिऱ्हाइकं गेलेली, संध्याकाळची यायची. तेवढ्या वेळात आई-आण्णा समोरासमोर बसून जेवतात. आण्णा सकाळी दोरी टाकून आले होते. दोरी तशीच, गांडुळांसकट परत आली होती. आता ते भाकरी मोडत होते.

ईश्वरी शाळा बुडवून आली होती. दप्तर तिनं टेबलावर ठेवलं.

“ही काय येळ झाली?” आई म्हणाली. “बस. ताट घे.”

“मला आधी बोलायचंय.”

आईनं आण्णांकडं बघितलं. पोरगी मोठी झाली की हे वाक्य कधीतरी येतंच. आण्णांनी घास खाली ठेवला.

तिनं सांगितलं. बगळा, चिखल, अंगठा, बोल, मोजणी, ‘पक्ष्यानं खाल्ली’. काही गाळलं नाही. आनंद झाला होता, हेही सांगितलं. ते सांगताना तिचा नवा आवाज एकदा फाटला आणि ती थांबली, पाणी प्याली, पुन्हा सुरू झाली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, ताटं थरथरली.

“म्हंजी ती पोरं…” आण्णा हळूच म्हणाले. “आपल्या पान्यात… समदी चोरट्याची?”

“हो. पण अजून तिच्या तोंडात आहेत. रविवारपर्यंत.”

आण्णा उठून दारात गेले. तिथून धरण दिसतं. आता त्यांची फक्त पाठ दिसत होती. ईश्वरीला त्या पाठीवर सगळं वाचता येत होतं. अकरा वर्षांचे गुरुवार होते तिथं. हा माणूस आता एकच शब्द बोलला असता, ‘ऱ्हाऊ दे’, तर ती मोडली असती. कदाचित तिला तेच हवं होतं.

“मला शनवारीच कळलं आसतं,” पाठ म्हणाली, “तर मीबी गप बसलो आसतो का काय, कुनाला ठावं.”

“काय बोलताय ओ पोरीसमोर?” आई म्हणाली. पण तिनंही डोळ्याला पदर लावला. “आगं, मॅडम तुला हाकलून देतील. तुज्या फुडच्या शिक्षनाला त्या देनार हुत्या ते शिफारशीचं पत्र…”

“देऊ देत.”

“आन् वस्ती? सखुमामी काय म्हनंल? नगरेच्या पोरीनं इख सोडलं पान्यात, आसं म्हनत्याल.”

“म्हणू देत, आई. मी ऐकून घेईन.”

तिनं दप्तरातून वही काढली. फाडलेल्या पानावर खाडी काढली होती. गवत कुठं, उथळ कुठं, ती उभी कुठं होती, मादी कुठल्या अंगाला वळली. आण्णा दारातून वळले आणि टेबलापाशी येऊन उभे राहिले. कागद उलटा होता, तो त्यांनी सुलटा केला.

ईश्वरी उभी राहिली. आवाज फाटू नये म्हणून तिनं आधी श्वास घेतला.

“मी आता तळ्यावर चाललेय. मॅडमना सगळं सांगणार. तळ्यातल्या माद्यांची खूण चमकवणारा निळा दिवा त्यांच्याकडं आहे, तो घेऊन मी पाचला धक्क्यावर येते. तोवर तुम्ही सगळ्यांना गोळा करा, आण्णा. मी सखुमामीसमोर, तमन्नाच्या अब्बूंसमोर, सगळ्यांसमोर बोलणार, की मासा मी सोडला, आणि रविवारपर्यंत एकही लेकुरवाळी हळद लावून सोडायची नाही. आधी दिव्याखाली धरायची. रीत मोडायला मीच सांगणार, दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही. आणि ती सापडली, की पुढच्या महिन्यात सोसायटीत मत होईल, तेव्हा मी पुन्हा उभी राहणार. चोरटा सोडा म्हणून बोलणार, तुमच्या विरुद्ध, आण्णा. मधल्या सात वर्षांचं काय, ते एकेका घरी जाऊन विचारणार, लिहून घेणार. हरले तर हरले. मला वाम पाहिजे. पण सगळ्यांनी हो म्हटलेली पाहिजे.”